गॅरेज कट्टा: स्टीअरिंग खोलताय? हातोडा जरा लांब ठेवा

प्रश्न: नमस्कार दादा, काकांची १९६८ची फियाट ११०० शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी होती, आता मी रिस्टोर करायला घेतलीय. स्टीअरिंगला खूप प्ले आहे (थोडं फिरवलं तरी चाकं हलतच नाहीत) म्हणून सगळंच खाली घ्यायचं ठरवलंय. पण पहिल्याच पायरीला अडकलो, स्टीअरिंग व्हीलचा नट निघाला, व्हील काही हलत नाही. मिस्त्री म्हणतो शाफ्टच्या डोक्यावर पाईप ठेवून दोन दणके दिले की सुटेल. देऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर: नका देऊ. मिस्त्री चुकीचं बोलतोय असं नाही, सुटेल कदाचित, पण तो दणका व्हीलपाशी थांबत नाही हो. या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा व्हीलपासून खाली स्टीअरिंग बॉक्सपर्यंत (व्हीलचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा) एकच सरळ दांडा असतो, म्हणजे वर मारलेला प्रत्येक घाव थेट खाली वर्मच्या (दांड्याच्या टोकाच्या स्क्रूसारख्या गिअरच्या) बेअरिंगवर जातो, बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) बारीक खड्डे पडतात, आणि मग तुम्ही बॉक्स कितीही सेट करा, व्हील फिरवताना मधेच खरखर लागणारच. प्ले काढायला बसलात आणि बॉक्स घालवलात असं व्हायचं.

पुलर घ्या, पायांनी पकडून बोल्टने ओढून काढायचं हत्यार. आधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर हॉर्नची वायर बॉडीला लागली की अख्ख्या गल्लीला कळेल तुमचं काम चालू आहे. नट पूर्ण काढून ठेवू नका, दोन-तीन आटे पकडतील एवढा लावून ठेवा, कारण व्हील सुटतं तेव्हा एकदम सुटतं आणि थेट तोंडावर येतं. पुलरचे पाय मधल्या बॉसखाली (शाफ्टवर बसणाऱ्या जाड भागाखाली) घाला, रिमला किंवा आऱ्यांना धरून ओढू नका, जुन्या रिमचं प्लॅस्टिक वाळून कडक झालेलं असतं, तडकतं. (आधीच तडे असतील तर रडू नका, आतला लोखंडी सांगाडा गंजलेला नसेल तर तडे व्ही आकारात कोरून इपॉक्सी भरून घासता येतात, रंगानंतर कळतही नाही.) पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर सोडा, सकाळी पुलर ताणा, ताणलेल्या पुलरच्या बोल्टवर एक हलकी टिचकी मारा. दणका नाही, टिचकी.

आणि व्हील काढायच्या आधी पुढची चाकं सरळ करून व्हील आणि शाफ्टवर सेंटर पंचने एक-एक ठिपका मारा. मार्करची खूण डिझेलने धुताना जाते, पंचची जात नाही. गिअर कॉलमवर असेल तर त्याच्या दांड्या आणि बुश कसे बसलेत त्याचे मोबाईलवर फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, नंतर त्या फोटोंसाठी स्वतःलाच दुवा द्याल.

प्रश्न: त्याच कामात पुढे, पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात) आणि टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे) कसे सोडवायचे? आमच्याकडे गॅसवर गरम करतात. – तोच वाचक

उत्तर: गॅस बंद. हे पार्ट फोर्जिंगचे असतात, हीट ट्रीटमेंट केलेले, लाल होईपर्यंत तापवलेत की त्यांचा कडकपणा बदलतो आणि वरून बघून काही समजत नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी रस्त्यात उभी राहते, पिटमन आर्म तुटला तर गाडी उभी राहत नाही, म्हणून इथे काटकसर नको आणि वेल्डिंग तर अजिबातच नको.

टाय रॉड एंडचा पिन निमुळता असतो, आर्मच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, घट्ट बसलेला. स्प्लिट पिन काढा, कॅसल नट (खाचांचा नट) सैल करा पण आट्यांवरच राहू दे. आता पिनवर मारायचं नाही, ज्या डोळ्यात तो बसलाय त्या डोळ्याच्या कडेला मारायचं. एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा, समोरच्या बाजूने दुसऱ्याने एक सणसणीत घाव घाला, डोळा क्षणभर दबतो आणि पिन टक्कन खाली येतो, आवाजावरूनच कळतं. तो दुतोंडी काटा पाचरीसारखा ठोकतात ना, तो रबर बूट फाडतो, एंड टाकूनच द्यायचा असेल तरच वापरा. एंड बदलायचे असतील तर आधी दोन पिनांच्या मधलं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, एका बाजूचे आटे उलटे असतात हे विसरू नका, आणि जोडल्यावर टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली ते माप) अलाइनमेंटवाल्याकडून करून घ्याच, टेपचं माप फक्त त्याच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतं.

पिटमन आर्मला मात्र त्याचाच जाड पुलर लागतो, विकत नको, भाड्याने किंवा ओळखीवर मिळतो. इथे बाजूने ठोकलंत तर आतल्या सेक्टर शाफ्टला (ज्यावर हा आर्म बसतो) मार बसतो. आर्म आणि शाफ्टवर परत पंचची खूण, कारण एक दात जरी पुढेमागे बसला तरी व्हील वाकडं आणि एका बाजूला गाडी कमी वळते. आणि हो, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊ नका, घोडे (जॅक स्टँड) लावा.

बॉक्स खोलल्यावर आत ग्रीस ठासलेलं दिसेल, सील गळायला लागलं की लोक हेच करतात. ग्रीस एकदा बाजूला ढकललं गेलं की परत वर्मवर येत नाही, वर्म कोरडा फिरतो. सील बदला आणि गिअर ऑइल भरा. ॲडजस्टिंग स्क्रू पिळून प्ले घालवायचा मोह होईल, पण वर्म मधल्या भागातच जास्त झिजतो, तिथला प्ले शून्य केलात तर वळणावर स्टीअरिंग जड होतं आणि परत सरळ येत नाही. आधी आयडलर (पिटमन आर्मच्या समोरच्या बाजूचा तसाच हात), टाय रॉड एंड, किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) बघा, बऱ्याचदा अर्धा प्ले तिथेच असतो.

प्रश्न: जुनी महिंद्रा सीजे-३बी आहे, वेग घेतला की पुढची चाकं थरथरतात. बॉक्स बदलू का? – बारामती

उत्तर: बॉक्स सगळ्यात शेवटी. मधल्या बेल क्रँकची (बॉक्सकडचा दांडा आणि टाय रॉड जोडणारा हात) पिन आधी बघा, जीपचं दुखणं नव्वद टक्के वेळा तिथेच सुरू होतं असं माझं मत. एकाला व्हील थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा, तुम्ही खाली पडून प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवा, कुठे हालचाल हरवते ते बोटाला कळतं. ड्रॅग लिंक (बॉक्सकडून बेल क्रँककडे जाणारा दांडा) खोलताना आतल्या स्प्रिंग आणि बॉल सीट ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कापडावर मांडा, दोन्ही टोकांचा क्रम सारखा नसतो.

प्रश्न: १९७२च्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग बसवून मग व्हिंटेज नंबर घेता येईल का? बाबांना व्हील जड जातं. – ठाणे

उत्तर: २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली, खासगी वापराची गाडी मूळ रूपात असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल चालत नाहीत. पॉवर किटसाठी कॉलम कापावा लागतो, कधी चॅसीवर ब्रॅकेट वेल्ड करावा लागतो, मग तपासणीत वाद होणारच. शिवाय ती गाडी रोज बाजारात न्यायला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-मेंटेनन्स एवढ्यापुरतीच. बाबांना रोज चालवायची असेल तर व्हिंटेज नोंदणीच्या मागे लागू नका. आणि जड जातंय म्हणता तर टायरमधली हवा मोजा, किंगपिनला ग्रीस द्या, मागच्या मालकाने रुंद टायर टाकलेत का तेही बघा, या तिन्ही गोष्टी किटपेक्षा फार स्वस्त आहेत.

प्रश्न: पद्मिनीचे स्टीअरिंगचे पार्ट भंगारातून घेतले तर चालतील का? – डोंबिवली

उत्तर: मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या, कुर्ल्याच्या भंगार बाजारात अजून माल सापडतो. कॉलम, ब्रॅकेट, हॉर्नची रिंग, बॉक्सचं कव्हर बिनधास्त घ्या. पिटमन आर्म घेतलात तर डाय पेनिट्रंट स्प्रे (चिरेत मुरून ती दाखवणारा रंग) मारून चीर बघितल्याशिवाय लावू नका. टाय रॉड एंड मात्र जुने नकोच.