‘मीटिंग’ला मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा? सभा, बैठक की आणखी काही?

एकच शब्द सगळीकडे चालत नाही. कोण जमलंय आणि कशासाठी, यावर ते ठरतं.

मोजकी माणसं चर्चेला किंवा निर्णयाला बसली की ती बैठक. मंत्रिमंडळाची बैठक होते, मंत्रिमंडळाची सभा असं कोणी म्हणत नाही. सभेला मात्र दोन अर्थ आहेत. एक मैदानावरची जाहीर सभा. दुसरा अर्थ कायद्यातला: ग्रामसभा किंवा सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा, जी महाराष्ट्रात एरवी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेची नोटीस एकदा नीट वाचा. विषयपत्रिका (अजेंडा), गणपूर्ती (कोरम, म्हणजे किमान हजेरी), मागील सभेचे इतिवृत्त (मिनिट्स) वाचून कायम करणे, गणपूर्तीअभावी सभा तहकूब... किती नेमके शब्द आहेत हे! ‘मीटिंग पोस्टपोन झाली’ म्हणताना तहकूब आणि पुढे ढकलणे यांतला फरकच हरवतो. सुरू झालेली किंवा भरलेली सभा तहकूब होते. पुढे ढकलतात ती अजून व्हायची असते.

कार्यकर्त्यांचा मेळावा, साहित्याचं संमेलन, विधिमंडळाचं अधिवेशन हे शब्द मीटिंगपेक्षा मोठ्या जमण्याचे. दोघांचीच मीटिंग असेल तर सरळ ‘भेट’ म्हणा. नद्यांच्या बाबतीत संगम. कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर भेटतात, तो प्रीतिसंगम.

ऑफिसात ‘मीटिंग’ म्हणायला माझी हरकत नाही, पण लेखी मराठीत ‘बैठक’च लिहा.