वाचकांचे प्रश्न : शाई वाळली, पण वीज नीट जात नाही

प्रश्न : पीईटी (पॉलिएस्टर प्लास्टिक) फिल्मवर चांदीच्या नॅनोकणांची (अतिसूक्ष्म कणांची) वीजवाहक शाई इंकजेटने छापतो. ओव्हन १२० अंश, वेळ १० मिनिटं. रेषा छान चमकते, पण १ मिमी रुंद, ५० मिमी लांब आणि अर्धा मायक्रॉन जाडीच्या रेषेचा रेझिस्टन्स ९० ओहम येतो. १६० अंशांवर फिल्म वाकडी होते. – एक लघुउद्योजक, महापे

उत्तर : याच मापाची रेषा सलग, शुद्ध चांदीची असती तर साधारण १.६ ओहम आले असते. चांगल्या सिंटरिंगनंतर (उष्णतेने कण एकमेकांना जोडले गेल्यावर) ५ ते ८ ओहम मिळावेत. तुमचे ९० ओहम सांगतात की शाई वाळली आहे, कण मात्र एकमेकांना जोडले गेलेले नाहीत. कण शाईत गोळा होऊ नयेत म्हणून प्रत्येकावर सेंद्रिय रसायनाचा पातळ थर असतो. तो निघेपर्यंत धातूला धातू भिडत नाही. चमकेवर विसंबू नका.

आधी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थेट फिल्मवर चिकटवा. ओव्हनचा आकडा हवेचा असतो. ट्रेवरची फिल्म बऱ्याचदा त्याहून थंड असते. हीट-स्टॅबिलाइज्ड (उष्णतेत कमी आकसणारी) पीईटी घ्या आणि छपाईपूर्वी कोरी फिल्म १५० अंशांवर अर्धा तास भाजा, म्हणजे आकसायची ती आधीच आकसेल. छापल्यावर ७०-८० अंशांवर १० मिनिटं वाळवा, मग फिल्मवर १४० अंश धरून अर्धा तास. वाळवण्याची घाई अजिबात करू नका : वर साय धरते, आत अडकलेलं सॉल्व्हंट (शाईतला द्रव) उकळतं आणि थराला फोड, भोकं पडतात. ग्लायकॉल असलेली शाई हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे पावसाळ्यात वाळवायला जास्त वेळ द्या.

दर ५ मिनिटांनी एक नमुना काढून मोजा. आकडा उतरायचा थांबला की काम झालं. इतक्या कमी ओहमला मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्सही मिसळतो, म्हणून चार-वायर पद्धतच (दोन वायरींनी करंट, वेगळ्या दोन वायरींनी व्होल्टेज) वापरा.

प्रश्न : चांदी परवडत नाही. तांब्याची शाई त्याच ओव्हनमध्ये चालेल? – वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : नाही. गरम हवेत तांब्याचे नॅनोकण लगेच ऑक्सिडाइज होऊन काळपट पडतात. नायट्रोजनमध्ये फॉर्मिक ॲसिडची वाफ सोडून किंवा झेनॉन दिव्याच्या फ्लॅशने सिंटरिंग करावं लागतं. फ्लॅशचा झटका मिलिसेकंदाच्या आसपास असतो, त्यामुळे शाई तापते आणि खालचं प्लास्टिक वाचतं. शाई पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर वाफेने थर उडतो. ऊर्जा कमीपासून वाढवत न्या. कडा उचलल्या की एक पायरी मागे या.