दुकानाचा नंबर आणि दुकानाचं नेट : वाचकांचे प्रश्न

लहान व्यवसायासाठी फोन आणि इंटरनेट कसं निवडावं, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा या वेळी घेतले आहेत. दरपत्रकं दर महिन्याला बदलतात, म्हणून कुठला प्लॅन घ्या हे सांगत नाही. काय तपासून घ्यावं, ते सांगतो.

आमचं सांगलीत औषधांचं दुकान आहे. तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन नंबर पंचवीस-तीस वर्षं एकच आहे, डॉक्टर आणि जुनी गिऱ्हाइकं त्याच्यावरच फोन करतात. पाऊस आला की खरखर, मग लाइन बंद. घरपोच ऑर्डरचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर मात्र दुकानातल्या मुलाच्या नावावरच्या सिमचा आहे. दोन्ही सोडून दुसऱ्या कंपनीचं फायबर आणि त्यासोबतचा नवा नंबर घ्यावा का?

नंबर सोडू नका. नेट उद्याही बदलता येईल, नंबर गेला की गेला. आपल्याकडे कंपनी बदलताना मोबाइलचा नंबर सोबत नेता येतो, लँडलाइनचा येत नाही. त्यामुळे पहिला अर्ज आहे त्याच कंपनीकडे करा : जुना क्रमांक कायम ठेवून लाइन तांब्यावरून फायबरवर घ्यावी. ‘जुना क्रमांक कायम ठेवून’ हे शब्द अर्जात लिहा आणि पोच घ्या. तोंडी बोलणं झालं आणि नवा नंबर पडला, तर मागे जाणं फार कठीण. खरखर येते ती तारेच्या सांध्यांत पाणी शिरल्याने. काचेच्या तंतूला तो त्रास नाही.

नेट दुसऱ्या कंपनीचंच घ्यायचं असेल, तरी लँडलाइन सर्वांत स्वस्त प्लॅनवर चालू ठेवा आणि त्यावरचे कॉल मोबाइलवर वळवा. वळवलेल्या कॉलचा आकार तुमच्या बिलात येतो का, तेवढं विचारा.

फायबरवर जाताना एक फरक ध्यानात ठेवा. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा मिळायचा, म्हणून गावात दिवे गेले तरी फोन चालायचा. फायबरवर फोनची तार दुकानातल्या ओएनटी डब्यात (कंपनीचा तंतू जिथे येऊन संपतो तो डबा) जाते आणि डब्याची वीज गेली की फोनही जातो. त्यासाठी राउटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. त्यावर ८००० एमएएच लिहिलेलं असलं तरी तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे जेमतेम ३० वॉट-तास. त्यातून हाती येतात सुमारे २५. डबा आणि राउटर मिळून १२ ते १४ वॉट घेत असतील, तर सुमारे दोन तासांत तो संपतो. दुकानाला इनव्हर्टर असेल तर सरळ त्याच्यावर घ्या. यूपीएस घेतलात तर डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आधी वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही राउटर ९ व्होल्टचे. ९ च्या यंत्राला १२ दिले की ते जळतं.

आता सिमचं. आमच्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत घाईची बाब हीच आहे. सिम ज्याच्या नावावर, नंबर त्याचा. मुलगा उद्या नोकरी सोडून गेला, तर ऑर्डरचा नंबर कायद्याने त्याच्याबरोबर जातो, त्यात त्याचा काही दोष नाही. तो कामावर असतानाच दोघांनी कंपनीच्या दुकानात जाऊन नावबदल करून घ्या. फर्मच्या नावावर व्यावसायिक कनेक्शन घेतलं, तर प्रत्यक्ष सिम वापरणाऱ्याचीही केवायसी होते, तेव्हा त्याची कागदपत्रंही लागतील. कंपनी बदलायची असेल तर ती नावबदल पुरा झाल्यावरच. नावबदलाचा अर्ज अर्धवट असताना पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, नाकारलं जातं. पोर्टिंगसाठी PORT हा शब्द इंग्रजीत, मग जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. येणारा कोड महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. त्या कंपनीत ९० दिवस पुरे झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर बिलाची बाकी नको. सिम हरवून नवं घेतलं असेल तर पुढचे ७ दिवस कोड मिळत नाही. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएसही बंद असतात, त्यामुळे ओटीपी येत नाहीत. जीएसटी विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हे काम काढू नका.

आणखी एक सोय फारशी कुणाला माहीत नसते : व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस लँडलाइन नंबरावरही सुरू होतं. नोंदणी करताना एसएमएसऐवजी ‘कॉल करा’ निवडायचं. लँडलाइनवर फोन येतो आणि कोड ऐकू येतो. मग सेटिंगमध्ये सहा अंकी पिन लावा आणि तो मालकाकडेच ठेवा. तीस वर्षांच्या नंबरावर औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो येऊ लागले, की दुसऱ्या नंबरावर एवढं विसंबून राहावं लागणार नाही.

इचलकरंजीत आमचा फ्लेक्स आणि छपाईचा व्यवसाय आहे. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण सव्वा जीबीची फाइल पाठवायला दहा-दहा मिनिटं लागतात. ३०० चा प्लॅन घ्यावा का?

आधी हिशेब करा. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा, फाइलचा आकार मेगाबाइटचा, आणि एका बाइटचे आठ बिट. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. १२०० मेगाबाइटची फाइल त्या वेगाने दीड मिनिटाच्या थोडं वर उतरते. पण तुम्ही ती चढवता, म्हणजे अपलोड करता आहात. अनेक प्लॅनमध्ये उतरण्याचा वेग मोठ्या अक्षरांत असतो आणि चढवण्याचा कुठेच नसतो. चढवण्याचा वेग २० असेल तर तीच फाइल आठ मिनिटं घेते. तुमचं दुखणं बहुधा हेच आहे. दोन्ही बाजूंना सारखा वेग देणारा १०० चा प्लॅन मिळाला, तर तो ३०० पेक्षा तुमच्या कामाचा.

प्लॅन बदलण्यापूर्वी लॅपटॉप वायरने थेट कंपनीच्या डब्याला जोडा, वायफाय बंद करा आणि वेग मोजा : सकाळी अकराला, दुपारी चारला, रात्री नऊला. वायरवर वेग पुरा आणि वायफायवर अर्धा, तर दोष तुमच्या दुकानातला आहे. अकराला पुरा आणि नऊला निम्मा, तर त्या भागात कंपनीने जोडण्या जास्त दिल्या आहेत आणि मोठ्या प्लॅननेही तो प्रश्न सुटणार नाही. वायरवर आकडा नेमका ९३-९४ ला अडकत असेल, तर राउटरचं पोर्टच १०० एमबीपीएसचं आहे, किंवा लॅन केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडल्या आहेत. जुन्या दुकानांत हे नेहमी सापडतं. अशा ठिकाणी ३०० चा प्लॅन घेतला, तरी हाती ९४ च येतील.

लीज लाइनबद्दलही तुम्ही पुढे विचारलं आहे. तिच्यात ठरलेला वेग फक्त तुमचा असतो आणि बंद राहिल्यास भरपाईचा करार असतो, पण भाडं अनेक पट. दिवसाला पाच-सात फाइली पाठवणाऱ्या छापखान्याला तिची गरज नाही.

गुहागरजवळ पाच खोल्यांचा होमस्टे आहे. पाहुणे लॅपटॉप घेऊन येतात, वर्क फ्रॉम होम करतात. पावसाळ्यात झाड पडलं की फायबर दोन-दोन दिवस बंद. दुसऱ्या केबलवाल्याचं घेऊ, की हवेतून येणारं ५जी नेट घेऊ?

दुसऱ्या केबलवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा : तुमची तार कुठल्या खांबांवरून येते? त्याच रस्त्याने, त्याच खांबांवरून येत असेल तर एका फांदीत दोन्ही तुटतील आणि तुम्ही भाडं मात्र दोघांचं भराल. दुसरा प्रश्न : घरापर्यंत फायबर येतं, की शेवटचा टप्पा लॅन केबलचा आहे? लॅन केबल असेल तर वाटेत स्विचचे डबे असतात. त्या वाडीची वीज गेली की तुमच्या इनव्हर्टरचा उपयोग नाही, आणि मेअखेरच्या विजांत तांब्याची ती तार तुमचा राउटरही घेऊन जाते.

म्हणून तुमच्यासाठी एक फायबर आणि दुसरी जोडणी हवेतून, हेच बरं. पण घेण्यापूर्वी त्याच कंपनीचं ५जी सिम असलेला फोन घेऊन छपरावर जा आणि तीन वेगवेगळ्या वेळी मोजा. ही परीक्षा शक्यतो पावसात करा. ओल्या झाडीतून लहरी क्षीण होतात. एप्रिलमध्ये छान चालणारं जुलैत अडखळतं. लांबलेल्या वीजबंदीत टॉवरची बॅटरीही संपते, हेही धरून चाला. ५जी पोचत नसेल तर ४जी सिमचा राउटर घ्या. ईमेल आणि एखादी व्हिडिओ मीटिंग त्यावर निभते.

दोन्ही जोडण्या दोन इनपुटच्या राउटरला जोडा. त्यात दोन पर्याय असतात : दोन्ही लाइनी एकदम वापरणं, किंवा पहिली पडली की दुसरीवर जाणं. दुसरा निवडा. पहिल्यात तुमचा आयपी पत्ता मधेच बदलतो आणि बँकेच्या साइटवरून बाहेर फेकले जाता. शिवाय लाइन चालू आहे की नाही हे राउटरने बाहेरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, हाक मारून तपासावं असं सेटिंग ठेवा. नुसती वायर जोडलेली आहे का एवढंच तो पाहत असेल, तर रस्त्यावर फायबर तुटलं तरी घरातला डबा चालूच असतो, राउटरला सगळं ठीक वाटतं आणि तो दुसरीकडे जातच नाही.

डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर तंतू तुटला आहे किंवा निसटला आहे. डबा बंद-चालू करत बसू नका, तक्रार करा. वारंवार नेट जात असेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे तंतूतून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, पाहा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम ठीक. उणे २७ च्या पलीकडे डबा आंधळा होतो. फर्निचरमागे तंतू कडक दुमडला असला तरी हा आकडा घसरतो, तेव्हा त्याला मुठीएवढा वळसा द्या.

वेग किती लागेल? चांगल्या प्रतीचा व्हिडिओ एका फोनला सुमारे ५ एमबीपीएस घेतो. बारा पाहुणे एकदम बसले तरी ६०. म्हणजे १०० चा प्लॅन पुरतो. खरी अडचण तुमच्या जांभ्याच्या भिंती आहेत. एवढ्या जाड चिऱ्यातून वायफाय पलीकडे जात नाही. बिनतारी रिपीटर लावला तर साध्या प्रकारात वेग अर्धा होतो. दर दोन खोल्यांमागे एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा आणि तिथवर लॅन केबल ओढून घ्या. पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या नावाचं ठेवा, म्हणजे तुमचा बिलिंगचा संगणक त्यांना दिसणार नाही.

दूध डेअरीत चार कॅमेरे लावायचे आहेत. रेकॉर्डिंग ऑनलाइन ठेवा असं बसवणारा सांगतो. आणि ‘स्टॅटिक आयपी’ घ्याच म्हणतो. दोन्ही हवं का?

एक फुल एचडी कॅमेरा साधारण २ एमबीपीएस घेतो, म्हणजे तासाला ९०० मेगाबाइट, दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांचे महिन्याला जवळजवळ २६०० जीबी होतात, आणि तेही सगळे चढवायचे. बऱ्याच ‘अमर्याद’ प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३३०० जीबी असते, त्यानंतर वेग कापला जातो. त्यातले २६०० कॅमेरेच खातील. रेकॉर्डिंग डेअरीतल्या हार्डडिस्कवर ठेवा. १ टीबीत साडेअकरा दिवस मावतात, २ टीबीत तीन आठवड्यांहून थोडं जास्त. एच.२६५ प्रकारचे, म्हणजे चित्र जास्त दाबून साठवणारे, कॅमेरे घेतले तर जागा निम्म्याच्या आसपास लागते.

स्टॅटिक आयपीची, म्हणजे कधी न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याची, तुम्हाला गरज दिसत नाही. आजचे रेकॉर्डर कंपनीच्या अ‍ॅपमधून तसेच दिसतात. तो लागतो तो बाहेरून थेट आपल्या संगणकात किंवा सर्व्हरमध्ये शिरायचं असेल तेव्हा. राउटरमधला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही अनेक ग्राहकांत वाटलेल्या पत्त्यावर आहात आणि तसं थेट शिरणं जमणार नाही. रेकॉर्डरचा मूळ पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला.

साड्यांच्या दुकानातून दिवाळीच्या ऑफरचे एसएमएस माझ्याच मोबाइलवरून पाठवले तर चालेल का? आणि नेटच्या बिलावरचा जीएसटी परत मिळतो का?

एसएमएस पाठवू नका. जाहिरातीचे संदेश आणि कॉल साध्या दहा अंकी नंबरावरून करणं नियमाबाहेर आहे. तक्रारी आल्या तर आधी त्या नंबरावरून बाहेर जाणारी सेवा थांबते, पुन्हा झालं तर तुमच्या नावावरच्या सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी तुटू शकतात. रीतसर मार्ग म्हणजे टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (असे संदेश पाठवणाऱ्यांची नोंद जिथे होते तिथे) दुकानाची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना मंजूर करून घेणं. दिवाळीच्या बरंच आधी सुरुवात करा.

जीएसटीबद्दल : १००० रुपयांच्या बिलावर १८० कर असतो. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक आणि फर्मचं नाव असेल, तर नियमित करदात्याला त्याचं क्रेडिट मिळतं. घरच्या नावावरच्या बिलावर नाही, आणि कंपोझिशन योजनेत असाल तरीही नाही.

नऊ दिवस लाइन बंद आहे. तक्रार नोंदवली की ‘निकाली काढली’ असा संदेश येतो, माणूस येत नाही. ट्रायकडे लिहू का?

ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाही, तिथे वेळ जाईल. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट (नोंद) नंबर आणि ‘निकाली’चा संदेश जपून ठेवा, एलओएसच्या लाल दिव्याचा तारखेसह फोटो घ्या. मग त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करा. त्याला शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. अपिलात बंद दिवसांचं भाडं वजा करण्याची मागणी वेगळ्या ओळीत लिहा, नाही तर लाइन सुरू करून प्रकरण मिटवलं जातं.

त्यानेही झालं नाही तर ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा या कायद्यातून वगळलेली असते, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी चालवलेला धंदा त्या वगळण्यात धरू नये, असं मांडता येतं. दुकान मी स्वतः चालवतो, हेच माझ्या उपजीविकेचं साधन आहे, हे वाक्य तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात घाला.