तोफा ओतणाऱ्याने राजवाडा कसा बांधला?

प्रश्न : जर्मन वास्तुकार बाल्टाझार नॉयमान मुळात तोफखान्यातील अधिकारी होता, असे वाचनात आले. मग जर्मनीतील व्ह्युर्त्सबुर्ग शहरातला राजवाडा बांधण्याचे काम त्याच्याकडे कसे आले? त्या वास्तूचे श्रेय एकट्या त्याचेच मानावे का?

उत्तर : नॉयमानचा जन्म 1687 साली एगर येथे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील चेब या गावी, एका कापड विणणाऱ्याच्या घरी झाला. घंटा आणि तोफा ओतण्याचे काम शिकून तो 1711 मध्ये व्ह्युर्त्सबुर्गला आला आणि तेथे भूमिती, भूमापन व तटबंदीशास्त्र शिकून सैन्यात दाखल झाला. त्या काळी किल्ल्यांचे बुरूज, कालवे, पूल आणि राजवाडे यांची आखणी बहुधा एकाच माणसाच्या हाती असे, त्यामुळे 1719 मध्ये गादीवर आलेल्या योहान फिलिप फ्रान्झ फॉन शोनबोर्न या राजबिशपने, म्हणजे राज्यही चालवणाऱ्या धर्मगुरूने, बत्तीस वर्षांच्या आसपासच्या या अभियंत्याला नव्या राजवाड्याच्या कामावर नेमले, यात तत्कालीन लोकांना फारसे नवल वाटले नसावे.

श्रेय मात्र एकट्याचे नाही. व्हिएन्नाचा हिल्डेब्रांट आणि माइन्त्सचा वेल्श या वास्तुकारांनी आराखड्यांत हात घातला होता, आणि 1723 मध्ये नॉयमानला पॅरिसला पाठवून तेथील द कॉट व बोफ्राँ या वास्तुकारांचीही मते घेण्यात आली. आमच्या मते नॉयमानची खरी ओळख पटते ती भव्य जिन्यापाशी. सुमारे 19 मीटर रुंद आणि 32 मीटर लांब असलेल्या या दालनावरचे कमानदार छत मध्ये एकही खांब न घेता उभे आहे. हे छत टिकणार नाही असे म्हणणाऱ्यांना ‘खाली तोफा डागून दाखवतो’ असे नॉयमानने सुनावले, ही आख्यायिकाच समजावी. पण 16 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात वरचे लाकडी छप्पर जळून कोसळले तरी हे छत तगले, ही इतिहासाची नोंद आहे. इटालियन चित्रकार टिएपोलोने 1752-53 मध्ये त्यावर रंगवलेल्या भित्तिचित्रात नॉयमान गणवेशात, तोफेजवळ बसलेला दिसतो.

अडचणीतून वाट काढण्याचे त्याचे कसब बव्हेरियातील फिअरत्सेनहायलिगन या तीर्थस्थानाच्या चर्चमध्ये अधिक स्पष्ट होते. 1743 मध्ये पायाभरणी झाल्यावर देखरेख करणाऱ्या क्रोनने मूळ आराखड्याशी फारकत घेतली, आणि ज्या पवित्र जागेसाठी चर्च बांधायचे तीच मध्यचौकाऐवजी (चर्चचे उभे-आडवे भाग जिथे छेदतात त्या जागेऐवजी) मुख्य दालनात येऊ लागली. उभ्या राहिलेल्या भिंती पाडण्याऐवजी नॉयमानने एकमेकांत मिसळणाऱ्या लंबगोल छतांची नवी रचना केली आणि ती जागाच दालनाचे केंद्र बनवली. ते चर्च पूर्ण झाले 1772 मध्ये. नॉयमान 1753 मध्येच व्ह्युर्त्सबुर्ग येथे निवर्तला होता.