फ्लॅंजला चिकटलेला प्रोपेलर शाफ्ट

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) बदलण्यासाठी प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची शक्ती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, मागच्या बाजूचे चारही बोल्ट काढले, तरी शाफ्ट डिफरन्शियलच्या (मागच्या दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरच्या संचाच्या) फ्लॅंजपासून, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीपासून, सुटत नाही. घरी काय करता येईल?

उत्तर : एका फ्लॅंजवरील गोल उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसलेला असतो आणि तेथेच गंज धरतो, म्हणून बोल्ट निघूनही जोड सुटत नाही. शाफ्ट निघाल्यावर गाडी गिअरमध्ये टाकूनही थांबत नाही. त्यामुळे ती सपाट जागी उभी करून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. दोन्ही फ्लॅंजवर रंगाची एक सलग रेघ ओढा, कारण जोडताना जुनी स्थिती चुकली तर वेगात गाडी थरथरू शकते. जोडाची कड तारेच्या ब्रशने घासून तेथे गंज सोडवणारे तेल मारा आणि शक्य तर रात्रभर मुरू द्या. नंतर पितळी दांडा शाफ्टच्या फ्लॅंजच्या कडेवर टेकवून हातोडीने बेताचे ठोके द्या, मग समोरच्या बाजूनेही तसेच करा. शाफ्टच्या नळीवर मात्र घाव घालू नका; पोचा आला की तिचा तोल गेलाच. गॅसची ज्योत लावण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो, पण शेजारी ऑइल सील आणि इंधनाची नळी असताना तो मला मुळीच पटत नाही. जोड सुटताना शाफ्टला खालून आधार द्या.