हुकावरचा शिक्का मण्यांबद्दल काय सांगतो?

प्रश्न : आजेसासूबाईंची एक माळ माझ्याकडे आली आहे. तीत पोवळी, मोती आणि मधेमधे सोन्याचे पोकळ मणी आहेत. हुकावर इंग्रजीत ‘सिल्व्हर’ असा बारीक शिक्का आहे. घरचे म्हणतात, हूक चांदीचा म्हणजे मणीही नकलीच. गरम पाण्यात धुऊन, नव्याने ओवून घेऊ का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, आधी माळ गरम पाण्यापासून लांब ठेवा. जुन्या बोरमाळेचे पोकळ मणी आतून लाखेने भरलेले असतात. लाख ६५-७० अंशांनाच मऊ पडते. मग मणी चेपतो आणि लाख भोकातून बाहेर येते. वजन करतानाही हे लक्षात असू द्या. काट्यावर दिसतं ते सगळं सोनं नसतं.

आता शिक्का. तो ज्या धातूवर उठवलाय, त्या धातूपुरताच बोलतो. मोत्यांबद्दल तो काहीही सांगत नाही. जपानहून आलेल्या मोत्यांच्या माळांच्या हुकांवर नुसतं ‘सिल्व्हर’ लिहिलेलं पुष्कळदा आढळतं, पण हूक मागाहूनही बदललेला असू शकतो. म्हणून दोरा बघा. नायलॉनचा असेल आणि माळ १९३०च्या दशकाआधीची असेल, तर ती निदान एकदा तरी नव्याने ओवली गेली आहे, कारण नायलॉन त्या दशकातलं आहे. सोन्याच्या मण्यांवर हॉलमार्क नाही म्हणून घाबरू नका. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं, प्रत्येक दागिन्याचा वेगळा सहा अक्षरी-अंकी क्रमांक तर २०२१चा. आजेसासूबाईंच्या काळात तो कुठून असणार?

खरी माहिती भोकापाशी मिळते. सराफ बाजारात कुणाकडेही दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, ते मागून घ्या. काचेच्या मोत्याचा मुलामा भोकाच्या कडेला सोलवटून खालची काच दिसते. संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेल्या मोत्यात आतला शिंपल्याचा गोल मणी आणि वरचा मोत्याचा थर यांच्यामध्ये कधीकधी गडद रेघ दिसते. दाताच्या कडेला हलकेच घासून बघण्याची जुनी रीत आहे. खरा मोती किंचित खरखरीत लागतो, पण नैसर्गिक आणि संवर्धित दोन्ही तसेच लागतात. बसरा मोती, म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती, म्हणून कुणी भाव सांगू लागला, तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतून क्ष-किरण तपासणी झाल्याशिवाय मान डोलावू नका.

पोवळ्यावर जवळजवळ बारीक समांतर रेषा दिसतात. काचेत बुडबुडे दिसतात. रंगवलेल्या पोवळ्याचा रंग भोकाशी गडद साचलेला असतो. लिंबू किंवा व्हिनेगरचा थेंब टाकून बघायला कुणी सांगेल, ते अजिबात करू नका. मोती आणि पोवळं दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. आंबटाने ती झिजतात आणि गेलेली झिलई परत येत नाही. तापलेली सुई लावायचा सल्लाही असाच घातक आहे.

ओवून मात्र जरूर घ्या, जुना दोरा कधीही तुटेल. त्याआधी माळ सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. माळ ओवणाऱ्या पटवेकऱ्याला सांगा, मण्यांचा क्रम तोच ठेवा, रेशमाच्या दोऱ्यात प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारा आणि हूक बदलला तरी जुना हूक, जुना दोरा पुडीत बांधून परत द्या. शक्य असेल तर समोर बसून ओवून घ्या.