मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहू का?

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, सरकारी नोकरीत. कापून-बिपून हातात ५८ हजार येतात, डोक्यावर कर्ज नाही. मेहुण्याला मालवाहू टेम्पो घ्यायचाय. राष्ट्रीयीकृत बँकेने नाही म्हटलं, आता गावातली सहकारी बँक ८ लाख द्यायला तयार आहे, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. दोन पगारदार जामीनदार हवेत. एक त्याचा मित्र, दुसरा मी. सासरे म्हणतात, ‘नुसती सही तर करायचीय.’ पुढच्या वर्षी आम्हाला साताऱ्यात फ्लॅट घ्यायचाय, त्यात अडचण येईल का? नंतर नाव काढून घेता येतं का? आणि मेहुण्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तर?

उत्तर: सासरेबुवा खोटं बोलत नाहीयेत, पण ते साक्षीदाराच्या सहीबद्दल बोलताहेत. आपल्याकडे हा घोळ नेहमी होतो. साक्षीदार फक्त सांगतो की सही माझ्यासमोर झाली. जामीनदार सांगतो की कर्जदाराने नाही भरले तर मी भरेन. जुन्या मराठी व्यवहारात तर जामिनाचेही प्रकार वेगळे होते. माणूस हजर करण्याची हमी घेणारा तो हाजीरजामीन, पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. आज एकच शब्द उरलाय आणि बँकेच्या फॉर्मवर तो कायम मालजामीन याच अर्थाने असतो. सासरच्या ओट्यावर मात्र ‘पोरगा चांगला आहे’ एवढं सांगणारा, अशा अर्थाने तो वापरला जातो.

कायदा १८७२ चा आहे, भारतीय करार कायदा. त्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मुद्दल, व्याज, दंडव्याज, सगळं. ‘बँक आधी त्याचा टेम्पो विकेल, मग उरलेल्यासाठी माझ्याकडे येईल’ असं बहुतेकांना वाटतं. तसा क्रम बँकेवर बंधनकारक नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग संपवा, मग जामीनदाराकडे जा, अशी अट घातली तर जामीन घेण्याला अर्थच उरत नाही. आता बँकेच्या वसुली अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. एकीकडे गाडी घेऊन जिल्हाभर फिरणारा मेहुणा, दुसरीकडे एक तारखेला पगार जमा होणारे तुम्ही. तुम्ही असता तर पहिला फोन कोणाला केला असता?

सहकारी बँकेला तर दिवाणी कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर जप्ती करता येते. शिवाय फॉर्मच्या गठ्ठ्यात बहुधा एक पगारकपातीचं संमतीपत्र असतं. त्याच कायद्याच्या कलम ४९ खाली त्याच्या आधारे बँक तुमच्या कार्यालयाला कपात करायला सांगू शकते. जामीनदारांना नाममात्र सभासद करून घेतात ते याचसाठी. शंभरेक रुपयांच्या त्या पावतीकडे कोणी बघतही नाही.

माझे वडील सरकारी खात्यात कारकून होते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जामीन राहिले. पेन्सिलीने फुल्या मारलेला फॉर्म समोर आला, ‘इथे, इथे आणि मागे’ म्हणत तिघांनी सह्या केल्या आणि वर चहा झाला. त्या माणसाने दीड वर्षात नोकरी सोडली. त्यानंतर कितीतरी महिने वडिलांच्या पगारपत्रकावर एक जादा ओळ यायची, हाताने लिहिलेली: ‘जामीन वसुली’. आईला ती ओळ दिसू नये म्हणून वडील पत्रक घडी घालून पाकिटात ठेवत. तिला अर्थातच माहीत होतं. म्हणजे या विषयावर मी अगदी तटस्थ नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

तुमच्या आकड्यांकडे येतो. ८ लाख, १४ टक्के, ६० हप्ते: महिना साधारण १८,६०० रुपये. समजा दोन वर्षं हप्ते व्यवस्थित गेले आणि मग थकले. तेव्हाही ५ लाख ४५ हजारांच्या आसपास मुद्दल बाकी असेल. जामीनदार दोघे आहेत म्हणून तुमच्यावर निम्मंच येईल असंही नाही. आपसात तुमचा वाटा सारखा (करार कायदा, कलम १४६), पण बँक सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडून मागू शकते. त्या मित्राकडून त्याचा निम्मा हिस्सा वसूल करणं, हे मग तुमचं काम.

आता फ्लॅट. जामीन राहिलेलं कर्ज तुमच्या सिबिल अहवालात (कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत) ‘जामीनदार’ म्हणून दिसतं. सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत बँका चालवून घेतात, म्हणजे तुम्हाला २९ हजार. साडेआठ टक्के आणि २० वर्षं धरली तर त्यात ३३ लाखांचं गृहकर्ज बसतं. एखाद्या बँकेने मेहुण्याचा हप्ता तुमच्या नावावर पूर्ण धरला, तर उरतात १०,४०० आणि कर्ज येतं १२ लाखांवर. सगळ्याच बँका असा हप्ता धरत नाहीत. पण कर्ज थकलं तर तो डाग प्रत्येक बँकेला दिसणार. तुमची अडचण मला इथे खरी वाटते, कारण मेहुणा अगदी प्रामाणिक निघाला तरीही ही अडचण येऊ शकते.

नाव काढून घेण्याबद्दल: मुदतीच्या कर्जात एकदा रक्कम उचलली की जामीन एकतर्फी काढून घेता येत नाही. बदली जामीनदार द्यायचा आणि बँकेने तो मान्य करायचा, हाच रस्ता. तुमच्या पश्चातही ही देणी तुमच्या मालमत्तेवर राहतात. वारसांवर येतात ती मात्र त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

माझं मत: या कर्जाला, या स्वरूपात, सही करू नका.

आधी दोन गोष्टी विचारा. पहिल्या बँकेने नाही का म्हटलं? टेम्पोचं कर्ज हे गाडीच तारण असणारं कर्ज. तरीही बँक मागे हटली असेल तर बहुतेक वेळा सिबिल खराब असतं किंवा उत्पन्न दिसत नसतं. मेहुण्याला त्याचा स्वतःचा अहवाल काढायला सांगा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. सासऱ्यांच्या नावावर शेती आहे का? असेल, तर त्या सातबारावर बोजा चढवायला घरातले तयार आहेत का? पोराच्या धंद्यावर बापाला जमीन लावायची नसेल, तर जावयाचा पगार तरी का लावायचा? हे तोंडावर म्हणू नका. पण मनाशी उत्तर पक्कं असू द्या.

मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. त्याचं सिबिल ठीक असेल तर पहिला अर्ज तिथे व्हायला हवा. नवीन गाडीऐवजी जुना छोटा हत्ती घेतला तर कर्ज निम्म्यावर येईल. आणि तुम्हाला मदत करायचीच असेल तर ८ लाखांच्या जामिनापेक्षा खिशातले ५० हजार किंवा लाख रुपये डाउन पेमेंटला द्या, परत येणार नाहीत असं धरूनच. जास्तीत जास्त किती जाणार, हे त्यात पहिल्या दिवशीच कळतं.

एवढं होऊनही घरात सही टाळता येत नसेल, तर ती फ्लॅटचं कर्ज मंजूर होऊन पैसे सुटल्यावर करा, आणि रक्कम ३-४ लाखांच्या आत असेल तरच. आरसीवर बँकेचा एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे तारणाची नोंद) चढलेला बघा, विमा चालू ठेवायला लावा, मेहुण्याच्या नावावर कर्जाच्या रकमेची टर्म पॉलिसी काढायला लावा. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही नको, प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्याच दिवशी घ्या. आणि दर महिन्याच्या दहा तारखेला हप्ता भरल्याची पावती मेहुण्याने व्हॉट्सॲपवर पाठवायची, हे आधीच ठरवा.

राहिला स्टॅम्पपेपर. त्याच्या वतीने तुम्ही भरलेले पैसे त्याच्याकडून मागायचा हक्क करार कायद्याच्या कलम १४५ ने तुम्हाला तसाही आहे, आणि कलम १४० प्रमाणे बँकेचे त्याच्यावरचे हक्क तुमच्याकडे येतात. (छापील जामीनपत्रात जामीनदाराचे काही हक्क सोडून दिल्याची कलमं असतात, ती वाचून घ्या.) पाचशेच्या स्टॅम्पने पुरावा थोडा पक्का होतो, इतकंच. पण ज्याच्याकडे बँकेला द्यायला पैसे नाहीत, त्याच्यावर तुम्ही दावा लावणार, आणि तोही बायकोच्या भावावर. तो कागद घरातल्या कोणत्या कपाटात ठेवणार, हे एकदा बायकोलाच विचारून बघा.